तांडेलाची जागा

केसरीनाथ मढवीला अंजूरमध्ये कोणी कोच म्हणत नाही. कॉलेजात तो सर, फौजेतल्या दोस्तांना हवालदार साब, आणि गावात अजून नवशा रेतीवाल्याचा धाकटा. पन्नाशी गाठली तरी माणूस मागून पाहिला तर भाताची दोन पोती शेजारी उभी करून ठेवल्यागत पाठ. पुढून मात्र कंबरेचा पट्टा दिसतो. तो पट्टा आवळल्याशिवाय त्याला चपलेत अंगठाही सरळ घालता येत नाही.

बाप नवशा खाडीतून रेती काढायचा. घरच्या होड्या होत्या. पाड्यावरचे आदिवासी गडी बादली घेऊन तळाशी डुबी मारायचे, दुसरे वल्ही ओढायचे, आणि मागे सुकाणावर बसायचा तो तांडेल. तांडेल म्हणजे मालक, नाहीतर मालकाच्या घरचा कोणीतरी. भिजायचं नाही, ओढायचं नाही. पुढे बघायचं आणि शिव्या घालायच्या. थोरला सावळाराम मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐटीत त्या जागेवर बसला. केसरीनाथला मात्र वल्ह्याचं वेड. गड्यांच्या मधे घुसून ओढायला बसायचा. बाप कावायचा, मालकाच्या पोरानं वल्ह्याला हात लावला तर उद्या गडी डोक्यावर मुतायला कमी करणार नाहीत.

भरतीच्या मेळाव्यात फौजेनं त्याला उचललं आणि पुण्याला नेलं. तिथल्या उस्तादानं उघड्या अंगाच्या रांगेत ती पाठ पाहिली, बाजूला काढलं आणि रोइंगच्या बोटीत नेऊन बसवलं. बोट कसली, शेवग्याची शेंग. रुंदी ढुंगणापुरती. वल्ही मारणाऱ्यांची तोंडं मागच्या बाजूला; आपण जिकडे चाललोय तिकडे पाठ. पुढचं दिसणार फक्त कॉक्सला. तो मागच्या टोकाला सगळ्यांच्या तोंडासमोर बसतो, सुकाणाची दोरी त्याच्या हातात, आणि तो बोलेल तसं बाकीच्यांनी ओढायचं.

खाडीवरच्या माणसाला हे पटायला कठीण. खाडीत जाळ्यांचे खुंट असतात, वाहून आलेले ओंडके असतात. पुढे बघायचं सोडलंस तर मेलास, हे तिथं आईच्या दुधाबरोबर पाजतात. केसरीनाथ पहिले कितीतरी दिवस मान वळवून बघायचा. मान वळली की अंग वळतं, अंग वळलं की अख्खी बोट कलते. उस्तादानं त्याला पाठीवर पोतं देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्यांचा कॉक्स म्हणजे मणिपूरचा एक बारका शिपाई, केसरीनाथच्या काखेत मावेल एवढा. पण बोटीत बसला की सुभेदारालाही सोडायचा नाही. हळूहळू केसरीनाथची मान सरळ झाली. मग राष्ट्रीय पदकं आली, हिंदुस्थानची जर्सी आली, आणि एका वर्षी आशियाच्या स्पर्धेत आठ जणांच्या बोटीत कांस्यही आलं.

गावानं त्याला जीपमधून बेंजो लावून मिरवलं. देवळापाशी म्हाताऱ्यांनी विचारलं, म्हणजे तू तांडेल व्हतास? नाही म्हणाला, मी मधे बसून ओढायचो.

"मंग तुज्यावर हुकूम कोनाचा?"

"व्हता एक बारका मानूस."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. नवशाच्या चेहऱ्यावरची अर्धी खुशी तिथंच उतरली.

पुढे कंबरेतली गादी सरकली आणि केसरीनाथचं ओढणं संपलं. पेन्शन घेऊन तो गावी आला. तोवर रेती बंद झाली होती आणि भातखाचरांवर गोडाऊनं उभी राहिली होती. त्यानं एका गोडाऊनमध्ये गेटवर सुपरवायझरची ड्युटी धरली. ट्रकांचे नंबर बघता बघता माणूस आंबून जायची वेळ आली, तेव्हा त्यानं भिवंडीच्या एका कॉलेजात जाऊन प्राचार्यांना सांगितलं की मी तुमच्या पोरींची रोइंगची टीम बांधतो. प्राचार्य म्हणाले, भिवंडीत लूम आहेत, पाणी कुठंय? केसरीनाथनं त्यांना खाडीच्या बांधावर आणून उभं केलं. भरती होती म्हणून बरं. ओहोटीत आणले असते तर साहेबांना नुसता चिखल दिसला असता.

पुण्यात फौजेनं मोडीत काढलेली चौघांची एक बोट होती, जुन्या धाटणीची. केसरीनाथनं ती मागून घेतली. भिवंडीला रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रेलरवाल्याला गाठलं, आणि बोट तशीच ताडपत्री बांधून अंजूरला आली. ठेवायला जागा दिली सावळारामनं. त्याच्या गोडाऊनच्या गाळ्यांपैकी एक तेव्हा रिकामा होता. देताना म्हणाला, आपली दिशा पण हाय ना टीममधे, मंग घरचंच काम.

दिशा ही सावळारामची लेक. उंच, हाडापेरानं मजबूत, काकाची पाठ जशीच्या तशी घेऊन आलेली. अंजूरचीच चंद्रा, आणि खारबाववरून येणारी रीमा आणि तिची चुलत बहीण, अशा चौघी झाल्या. सराव कधी, तर पाणी असेल तेव्हा. कॉलेजच्या वेळापत्रकाला भरती-ओहोटी कळत नाही. केसरीनाथ तिथी बघायचा आणि आदल्या दिवशी वेळ सांगायचा. खेळाचे मास्तर वैतागून म्हणायचे, हा कोच आहे का भटजी?

प्रश्न राहिला कॉक्सचा. ती हलकी हवी, कारण ती ओढत नाही. तिचं वजन म्हणजे बाकीच्यांच्या उरावर ओझं. पहिल्या वर्षाला असलेली पाड्यावरची मनाली वल्हं मारायला म्हणून आली होती. पण वल्ह्यानं तिलाच उचलून बाजूला ठेवलं. केसरीनाथनं तिला कॉक्सच्या जागेवर बसवलं. तिचा बाप किशन एके काळी नवशाच्या होडीवर डुबी मारायचा. आता गोडाऊनमध्ये हमाली करतो.

पहिल्या दिवशी बोट पाण्यात गेली आणि समोर जाळ्याचा खुंट आला. मनालीला तो लांबूनच दिसला. पण दिशा मढवीला हुकूम कसा सोडायचा? तिनं मान खाली घालून सुरुवात केली, "दिशाताई, तुमी जरा थांबाल काय, म्हंजे कसं, त्या बाजूला..." तिचं वाक्य संपायच्या आत बोटीचं नाक खुंटावर आपटलं.

केसरीनाथ बांधावरून उतरून गुडघाभर चिखलात आला. कोणाला बोलला नाही. फुटलेलं नाक दोन दिवस बसून सांधलं, आणि मग कायदा घातला की बोटीत ताई नाही, आडनाव नाही. पुढून मोजायचं: एक, दोन, तीन, चार. कॉक्सनं नंबरानं बोलायचं आणि नंबरानं ऐकायचं. दिशा चार नंबरची, म्हणजे कॉक्सच्या अगदी नाकासमोर.

मनालीचा आवाज फुटायला महिना गेला. आवाज फुटला तसं दिशाचं डोकं फिरायला लागलं. "चार, उशीर" असं मनाली म्हणाली की दिशा मुद्दाम मान वळवून पुढे बघायची, जणू हिच्यावर कशाला भरवसा. एक वळली की चौघी वळायच्या. बोट दारू प्यालेल्यासारखी चालायची. एकदा बाहेर आल्यावर दिशा काकाला म्हणालीच, हिचा बाप आमच्या होडीवर होता आणि ही मला उशीर सांगते.

"उशीर झाला व्हता का न्हवता?" केसरीनाथनं विचारलं.

दिशा वल्ह्यावरचा चिखल पुसू लागली.

"मंग सांगितला. न्हाय ऐकायचं तर उतर. गोडाऊनला पोरी घेतात पॅकिंगला."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं चौघींना डोळे मिटून वल्ही मारायला लावलं. सुरुवातीला थोडंच अंतर, मग वळणापासून पुलापर्यंत. डोळे मिटले की कानाला किंमत येते. रीमा आणि तिची बहीण आधी वळणावर आल्या, मग चंद्रा. दिशा डोळे किलकिले ठेवायची. केसरीनाथला बांधावरून ते दिसायचं नाही, पण बोटीच्या चालीवरून कळायचं.

विद्यापीठाची निवड पुण्याला व्हायची होती आणि ती जवळ आली, तशी ही सगळी गोष्ट सावळारामच्या कानावर गेली. कोणीतरी नाक्यावर चहा पिता पिता म्हणालं, मढव्यांची पोर ओढते आणि किशनची पोर तांडेल होऊन बसते, बघण्यासारखं हाय. सावळाराम तडक बांधावर आला. पोरींच्या देखत काही बोलला नाही. त्या घरी गेल्यावर धाकट्याला बाजूला घेतलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. टीममध्ये कोण घ्यायची ते तू ठरव, मना त्यातलं कलत न्हाय. पन मागची जागा दिशाची. ती घामाघूम व्हनार आनि किशनची पोर बसून हुकूम करनार, हे गावात दिसायला बरं न्हाय. केसरीनाथनं समजावून पाहिलं की दादा, ती मालकाची जागा नव्हे, त्या जागेला हलकं माणूस लागतं. दिशा तिथं बसली म्हणजे सिमेंटची गोणी बसवल्यागत बोट मागून बुडेल. आणि तिच्यासारखी ओढणारी दुसरी माझ्याकडं नाही. सावळारामला त्यातलं एकच कळलं, की धाकट्यानं त्याच्या पोरीला गोणी म्हटलं.

"आपला बाप काय सांगायचा, विसरलास?"

"न्हाय इसरलो."

"मंग? जागा दिशाची, न्हायतर माजा गाला रिकामा कर."

"उद्या सकाली करतो," केसरीनाथ म्हणाला.

सावळारामला वाटलं होतं तो हात जोडेल. घरी केसरीनाथला बायकोनं, कमळनं, झाडलं. थोरल्याशी वाकडं घेऊन ती सात पुरुष लांबीची लाकडी शेंग आता माझ्या पडवीत घालणार का, म्हणाली. पडवीत ती मावणार नव्हती, हे त्यानं आधीच मोजून ठेवलं होतं.

खाडीच्या काठाला, पाण्याला लागून, लांब छप्पर असलेली एकच जागा होती. स्मशानाची शेड. चितेचा ओटा एका अंगाला, दुसरं अंग पावसाळ्यात लाकडं ठेवायला. सकाळी चौघींनी बोट गाळ्यातून काढली आणि शिवारातून चालत नेऊन तिथं मांडली. दोन्ही टोकं बाहेर राहिली. त्यांना लूमचा डागाळलेला कपडा गुंडाळला. केसरीनाथनं ग्रामपंचायतीला विचारलं नाही. विचारलं असतं तर बैठक बसली असती.

गावात बोंब झाली. रीमाच्या आईनं निरोप पाठवला, पोरीला लागिर झालं तर कोण बघणार. केसरीनाथनं उलट निरोप दिला की भूत आलंच तर त्याला तीन नंबरवर बसवतो, तिथं जोर कमी पडतोय. आया पोरींना सरावाहून आल्या की दाराबाहेर आंघोळ घालू लागल्या. आता बाप दिशाला सरावाला पाठवेल की नाही हा प्रश्न होता. ती आली. बापानं घरात काय गोंधळ घातला ते तिनं सांगितलं नाही, काकानं विचारलं नाही. पण ती मनालीशी बोलायची नाही, आणि डोळे अजून पुरते मिटायचे नाहीत. केसरीनाथ तिला मुकाट्यानं ओढू द्यायचा. हुकूम दिशानं मानलेला नाही, तोवर ही बोट पुण्याला नेण्यात अर्थ नाही, हे त्याच्या मनात पक्कं होतं. आणि मनालीला उठवून दुसरं कोणी बसवायचं नाही, हेही तितकंच पक्कं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी राहीबाई गेली. गावातली सगळ्यात जुनी बाई. अर्ध्या गावाची सुईण. तिच्या मयताला घरटी माणूस येणार. निरोप आला तेव्हा पोरी शेडमध्ये बोट पुसत होत्या आणि तिरडी वाटेवर निघाली होती. ओट्याची वाट बोटीनं अडलेली. पाणी ओहोटीचं, बोट खाडीत सोडायची सोय नाही. उचलून, अरुंद बांधावरून, समोरून येणाऱ्या अख्ख्या गावाच्या बाजूनं बाहेर न्यायची एवढंच हातात होतं.

ही बोट उचलायची म्हणजे चौघींनी एका क्षणाला उचलायची. एक हात आधी वर गेला तर मधून कडकन मोडते. म्हणून तिथंही कॉक्सचाच हुकूम लागतो. चौघी जागेवर गेल्या, हात घातले, आणि मनालीनं तोंड उघडलं तर समोर माणसं दिसली. पुढे लाकडं वाहणारे गडी, त्यांत तिचा बाप किशन. मागे तिरडी, तिचा पुढचा दांडा सावळारामच्या खांद्यावर. मनालीचं तोंड उघडं राहिलं. आवाज नाही.

माणसं थांबली. तिरडी अशी वाटेत थांबवत नाहीत. कुजबुज वाढली. कोणीतरी म्हणालं, केसऱ्या, तू बोल ना, काय त्या पोरीच्या तोंडाकडं बघत बसलास. केसरीनाथनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि तो लाकडांच्या ढिगापाशी जाऊन उभा राहिला. एका शब्दानं सगळं सुटलं असतं, आणि त्या शब्दानं मनालीची जागाही गेली असती. त्याची कंबर ठणकत होती.

किशननं डोक्यावरची मोळी खाली ठेवली नाही. पोरीकडं बघितलंही नाही.

दिशा वाकलेली होती, दोन्ही हात बोटीखाली. तिनं मान वर केली नाही, बापाकडं वळवली नाही.

"बोल ना गं," ती म्हणाली, "हात भरून आले."

मनालीनं श्वास घेतला.

"चौघी तयार. एक, दोन, उचला."

बोट एका दमात कंबरेपर्यंत आली.

"खांद्यावर. चला. चार, तू जरा खाली घे."

चार नंबरनं खाली घेतलं. बांधावरून त्या निघाल्या, लांबलचक बोट खांद्यावर, आणि बाजूला सरकलेल्या माणसांच्या अंगावरून मनालीचा आवाज पुढे पुढे जात राहिला: खड्डा आहे, डावीकडं, हळू. सावळारामला बोलायचं खूप होतं. पण खांद्यावर तिरडी आणि तोंडात रामाचं नाव. माणसानं बोलावं कसं? राहीबाई आत गेली, बोट बाहेर आली.

त्या दिवशी पाणी परत चढलं तेव्हा थोडाच उजेड बाकी होता. केसरीनाथनं पोरींना एक फेरी मारायला लावली. बोट पुलाखालून आली ती सुरीनं केळं कापावं तशी. त्याला कोणी सांगावं लागलं नाही की दिशाचे डोळे मिटलेले आहेत.

पुण्याला त्या दुसऱ्या आल्या. पहिली आलेली टीम तळ्याच्या संथ पाण्यावर रोज खेळणारी होती; केसरीनाथला त्यात काही वाईट वाटलं नाही. दुसऱ्या नंबरची टीम पुढे जात नसते, पण निवडणारे त्यातून माणसं उचलतात. त्यांनी विद्यापीठाच्या बोटीसाठी कॉक्स म्हणून मनालीचं नाव वाचलं. आणखी कोणाचंच नाही. परतीच्या टेम्पोत दिशा खिडकीला नाक लावून बसली होती. घाटात तिनं काकाला विचारलं, माझं काय चुकलं?

"वल्हं पान्यातून उशिरा निघतंय. ती तुला महिनाभर तेच सांगते." थोड्या वेळानं म्हणाला, "परवा पानी साडेसातला. येनार का?"

दिशा म्हणाली, येणार नाय तर काय पॅकिंगला जाऊ.

परवा सकाळी सावळाराम तिला मोटारसायकलवर सोडायला आला. आजवर आला नव्हता. स्मशानाच्या फाटकाशीच थांबला. आत पाय ठेवला तर घरी जाऊन आंघोळ करावी लागेल म्हणाला. मग गाडीवरूनच बोलला की गाळा अजून रिकामाच हाय, बोट आणून ठेव, लोकं नावं ठेवतात. केसरीनाथ म्हणाला, दादा, गाळ्यापासून पाणी लांब पडतं. इथं बरं हाय. इथले शेजारी तक्रार करत न्हाईत.

सावळारामनं दात काढले नाहीत, पण गाडी बंद केली.

त्या दिवशी चंद्राची परीक्षा होती, एक माणूस कमी. केसरीनाथची कंबर वाकायची नाही. मनालीला विद्यापीठाच्या शिबिराला जायला अजून आठवडा होता. ती बोटीच्या टोकाशी उभी राहून वाट बघत होती. दिशा बापाकडं बघून म्हणाली, बाबा, नुसतं उभं राहून काय करताय, ती चंद्राची जागा धरा. सावळाराम फाटकातून आत आला. लुंगी खोचली, वाकला, बोटीखाली हात घातला आणि सवयीनं एकदम उचलायला गेला. बोट कुरकुरली.

"काका, खाली ठेवा," मनाली म्हणाली. "मी बोलल्यावर उचलायचं."

सावळारामनं धाकट्याकडं पाहिलं. धाकटा पाण्याकडं बघत होता. थोरल्यानं बोट खाली टेकवली, हात पुसले, परत घातले, आणि तिच्या तोंडाकडं बघत वाकून थांबला.

"तयार," मनाली म्हणाली. "एक, दोन, उचला."